दोन वर्षं उशीर

४ मार्च
बिट्टीला ऑटिझम आहे. डॉक्टरीणबाईंनी आज सरळ सांगितलं. मग विचारलं, "चार वर्षांची झाली, इतके दिवस कुठे होतात?" — कुठे असणार? घरात. सासूबाईंचं पालुपद ऐकत: "तिचा बापही उशिराच बोलला." बाप अजून तरी कुठे बोलतो? दवाखान्यात तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. परत येताना म्हणाला, "पार्किंग मात्र पटकन मिळालं."

९ मार्च
स्पीच थेरपीचा पहिला तास. मला वाटलं होतं, शब्द घोकून घेतील. थेरपिस्ट म्हणजे पोरगीच. फरशीवर बसून साबणाचे फुगे उडवत होती. दोन-चार फुगे उडवायचे, बाटलीचं झाकण लावायचं, थांबायचं — बिट्टीने मागावेत म्हणून. बिट्टीने माझं मनगट धरलं आणि बाटलीवर नेऊन ठेवलं. मी ओशाळले. थेरपिस्ट म्हणाली, "ताई, हे मागणंच आहे. फक्त शब्द नाहीत अजून." जाताना म्हणाली, "दोन वर्षांची असताना आली असती तर..." आणि वाक्य गिळलं. सगळे तेच वाक्य गिळतात.

१० मार्च
सासूबाईंशी बोलले नाही.

१७ मार्च
आज बोलले. नको तेवढं. त्या भाजी निवडत होत्या. म्हटलं, तुमच्या "होईल होईल"ने माझ्या पोरीची दोन वर्षं खाल्ली. त्या मान खाली घालून देठ खुडत राहिल्या. नवरा म्हणाला, "आईला कशाला बोलतेस?" — मग कुणाला बोलू? भिंतीला?

२१ मार्च
बिट्टीने बाटली माझ्या हातात दिली आणि डोळ्यांत बघितलं. पापणी लवेपर्यंतच. थेरपिस्टने टाळी वाजवली. मला आनंदसुद्धा धड होत नाही. मनात एकच — हे तेव्हाच झालं असतं.

२५ मार्च
थेरपिस्टने बिट्टीच्या पाळणाघरातून जुने कागद मागवले होते. आज आले. त्यात दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी: "हाकेला वळत नाही. लवकर तपासून घ्यावे." खाली पालकांचं उत्तर: "आमची मुलगी व्यवस्थित आहे. पुन्हा असं लिहू नये."
अक्षर माझं. सही माझी.
विसरले नव्हते मी. या वहीलाही सांगितलं नाही, एवढंच.
ती चिठ्ठी पाळणाघरातून सासूबाईंनीच आणली होती. "एकदा दाखवून तर ये," म्हणाल्या होत्या. मी नाही म्हटलं. त्यांचं ते पालुपद त्यानंतरचं, माझी समजूत काढायला. त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.