तेलाचा काटा

६ जानेवारी

आज आळेफाट्यावर मेस्त्रीने आमच्या जीपच्या रेडिएटरचं झाकण उघडलं आणि सगळं फिरलं. त्याच्या आधीचा मी वेगळा, आताचा वेगळा. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या थंड झालो तरी विसरायला नको.

आणे गावातून सीटा भरून निघालो होतो. पुढच्या सीटवर तात्या, म्हणजे स. चे वडील. (स. कोण ते मला माहीत आहे. वहीला एवढं पुरे की ती खोडदची, माझ्याच कॉलेजची. ती तिथं अजून आहे, मी नाही.) तात्या पठारावर कांद्याचं रोप बघायला आले होते, परत जायला गाडी मिळेना. मीच म्हणालो, बसा. मुद्दाम पुढं बसवलं. घाट उतरेपर्यंत सगळं ठीक. सपाटीला लागलो तर गरमीचा काटा वर, तेलाच्या दाबाचा काटा खाली, आणि फाट्यावर बॉनेटमधून वाफ.

बबन मेस्त्रीने इंजिन निवल्यावर पोतं टाकून झाकण काढलं. आतून पिवळट-तपकिरी चिखल लागला होता. बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवला.

"तेल आन् पाणी एक झालंय. हेड गेलं, इंजिनाचं डोकंच. तेलाचा काटा बी बघा, झोपलाय. राव, ही गाडी संपली."

तात्या माझ्याकडं बघत होते. मला ओळखलं होतंच. म्हणाले, "कॉलेज तू अर्ध्यात सोडलंस, आन् गाडीनं तुला अर्ध्यात सोडलं."

सगळ्या सीटा हसल्या. आमच्याच गाडीत बसून!

माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढच्या न्हाई, त्याच्या पुढच्या रविवारी ह्याच गाडीतनं तुमच्या दारात येतो."

"ये की. चहा ठेवतो. ढकलत आणलीस तर नाष्टा बी देतो."

ठीक आहे. बघू.

७ जानेवारी

ट्रॅक्टरला बांधून जीप घरी आणली. आप्पा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून बघत होते. पुढं येऊन बॉनेटला हातही लावला नाही. माझ्या जन्माच्या आधीपासून त्यांनी ही गाडी आणे-आळेफाटा चालवली, आता गुडघे धरलेत म्हणून मी चालवतो. मला वाटलं, निदान एकदा उघडून बघतील.

"भंगारवाल्याला फोन केलाय. पुढच्या टायमाला आळेफाट्याकडं आला की घिऊन जाईल."

"न बघताच?"

"मेस्त्रीनं बघितलं की."

"किल्ली माझ्या खिशात हाय."

"भंगाराला किल्ली लागत न्हाई, ओम्या."

मग नेहमीचं. चाकणला कंपनीत चिकट, नाहीतर कॉलेजला परत जा. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात सरांनी सगळ्यांसमोर "तू गाड्याच पुसणार" म्हटलं आणि मी फाईल त्यांच्या टेबलावर ठेवून निघून आलो. बरं केलं. तिथलं इंजिन मधोमध कापून काचेत ठेवलेलं, हात लावायचा नाही. इथलं निदान हात काळे करतं.

८ जानेवारी

इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढली. पुसली, परत घातली, परत काढली. काळं तेल, रोजचंच. पातळी वाढलेली नाही.

पाणी तेलात गेलं असतं तर तेल ताकासारखं झालं असतं. पातळी वर चढली असती. दोन्ही नाही. मग बबन मेस्त्री कशावरून बोलला? नुसत्या झाकणावरून!

बरं, पाणी तर जातंय. रोज सकाळी आप्पा बोअरचं पाणी ओतायचे आणि रोज कमी भरायचं. कुठं जातं? रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला. सकाळी कोरडा.

स. चा मेसेज : "तात्यांना तू काय बोललास? घरात सगळे तेच बोलतायत. त्या रविवारी मंचरचे पावणे मला बघायला येणारेत, माहितीय ना?"

माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. आता तर…

११ जानेवारी

पुन्हा झाकण उघडलं. चिखल फडक्याला पुसला. वास घेतला. तेलाचा नाही. ओळखीचा आहे पण जिभेवर येत नाही. बोटांत चोळला तर चिकटत नाही, बुळबुळत नाही, नुसता रवाळ.

फडकं धुवायच्या दगडावर टाकलं, साबण लावला.

लाल झालं.

उभा राहून बघत बसलो. आई मागून आली. "काय रं, बोट कापलं का काय?"

"न्हाई. आई, पिवळा डाग साबणानं लाल कशाचा हुतो?"

"हळदीचा. लग्नातल्या साड्या मी काय कमी धुतल्यात?"

रेडिएटरमध्ये हळद! कोण टाकणार? आमच्याच गाडीवर कुणी उतारा टाकला का काय असंही मनात आलं. हसू नको, वही.

१३ जानेवारी, भोगी

आज उलगडा. आई सकाळपासून डबे उपसत होती. हळदीकुंकवाच्या बायका येणार म्हणून फाट्यावरून आणलेला हळदीचा अख्खा पुडा गायब. आधी मला धरलं, मग मांजराला. आप्पा भाकरी मोडत खाली बघत होते. आप्पा एवढं खाली बघत जेवत नाहीत.

मी सरळ विचारलं, "आप्पा, तुमी गाडीत हळद टाकली?"

आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. मग, "पाणी रोज कमी व्हायला लागलं, म्हणून त्या सकाळी तू निघायच्या आधी टाकली. हळद टाकली की बारीक भोक बुजतं. आमी पहिल्यापास्नं टाकतो. सगळेच टाकतात."

"चिमूटभर टाकतात! अख्खा पुडा?"

"चिमटीनं थांबंना."

"मग मेस्त्रीला का न्हाई सांगितलं?"

"तो फोनवर एवढं ठामपणानं बोलला. म्हटलं आपल्याच हातानं मेली असंल गाडी." हे म्हणाले आणि ताट सरकवून उठले.

म्हणजे म्हणून भंगार. म्हणून हात लावला नाही. मला इतका राग आला की बाहेर जाऊन टायरला लाथ घातली. पाय सुजलाय. राग आप्पांवर का मेस्त्रीवर, ते अजून ठरत नाही. आई मात्र एकच बोलली, "बायकांच्या कपाळाला काय लावू आता, रेडिएटर?"

१४ जानेवारी, संक्रांत

सापडलं!!

हळद गळती बुजवायला टाकली होती, तिनंच गळती दाखवली. इंजिन पुढून सगळं पुसून नीट बघितलं तर वॉटर पंपाच्या पोटाला, खालच्या बारीक भोकापासून, वाळलेला पिवळा ओघळ. पंपाचं सील गेलंय. इंजिन तापून चालू असतानाच थेंब पडतो, तो पंख्याच्या वाऱ्यानं मागं उडतो आणि इंजिनाच्या गरम ब्लॉकवर वाळतो. म्हणून पुठ्ठा कोरडा. हेड शाबूत. आणि हळदीच्या गाळानं रेडिएटर तुंबला, म्हणून गाडी तापली. तापली की तेल पातळ, तेल पातळ की काटा खाली. एकातून एक.

निदान मी तरी असं धरतोय. तेलाचं अजून पक्कं नाही.

स. ला फोटो पाठवला. तीळगुळाच्या ऐवजी वॉटर पंपाचा. तिचं उत्तर : "सुंदर आहे. आता मला एक सांग ओंकार, हे तू माझ्यासाठी करतोयस का माझ्या बापाला दाखवायला?"

लिहिलं, दोन्ही. पुसलं. तुझ्यासाठी लिहिलं. पुसलं. शेवटी काहीच पाठवलं नाही. तीळगूळ खाल्ला.

१५ जानेवारी

फाट्यावरून नवीन पंप आणून बसवला. धुण्याचा सोडा घालून रेडिएटर तीनदा पालथा केला. खालून लालभडक पाणी अंगणभर. शेजारच्या काकू दारात येऊन, "आरं देवा, बकरं कापलं का काय संक्रांतीचं!"

आता बोअरचं पाणी बंद. कूलंट भरलं. आप्पा म्हणाले, "हिरवं सरबत कशाला?" पण बाटली हातात घेऊन मागचं बारीक अक्षर वाचत बसले. मी बघितलं नाही असं दाखवलं.

गाडी सुरू केली. गरमीचा काटा मधोमध, हलत नाही. तेलाचा काटा मात्र गरम झाल्यावर परत झोपला. च्यायला.

बबन मेस्त्री रस्त्यानं चालला होता, गाडीचा आवाज ऐकून थांबला. हळदीचं सांगितलं तर म्हणाला, "हळद असंल, पण काटा खोटं बोलत न्हाई." हे त्याचं मात्र झोंबलं.

१६ जानेवारी

एसटीनं पेठ गावाला, मामाकडं. मामाचं तिथं हायवेला ट्रॅक्टरचं गॅरेज. तेलाचं प्रेशर मोजायचं वेगळं घड्याळ मागितलं. मामा म्हणाला, "ज्या गाडीला मेस्त्रीनं मेली म्हटलं तिची नाडी बघायला निघाला व्हय पावणं?"

"मामा, देताय का नाही?"

"देतो. पर पोरीसाठी एवढं इंजिन कुणी उघडत न्हाई. आमच्या वेळी चिठ्ठीत भागायचं."

सगळ्यांना सगळं माहीत आहे. पेठेपर्यंत! परत येताना एसटीतून नारायणगावला उतरावं वाटलं. तिथंच कॉलेज, आणि ते सुटायची वेळ होती. उतरलो नाही. रिकाम्या हातानं भेटायचं नाही असं ठरवलंय. घड्याळ हातात होतं, पण ते मामाचं.

१७ जानेवारी

मामाचं घड्याळ लावलं. गाडीतला काटा शून्यावर, घड्याळात मात्र थोडं प्रेशर. म्हणजे काटाही अर्धा खोटा, बबन मेस्त्री! पण थोडंच. पुरेसं नाही.

इंजिनाखालचा तेलाचा डबा उतरवला. आत तेल ओढायची जाळी असते, ती काळ्या गाळानं आणि सांधे बुजवायच्या जुन्या गॅस्केटपेस्टच्या तुकड्यांनी बुजलेली. कुणीतरी कधीतरी हात सैल सोडून पेस्ट फासली होती, तिचे धागे आत सुटलेले. इंजिनाला तेल प्यायला मिळत नव्हतं. डिझेलनं जाळी धुतली, नवीन तेल, नवीन फिल्टर.

डबा परत लावताना खाली मी एकटा, बोल्ट धरायला तिसरा हात नाही. कुणीतरी दुसऱ्या बाजूनं डबा उचलून धरला. पाय दिसले, आप्पांची चप्पल. गुडघे दुखतात तरी खाली बसले होते. मी बोल्ट आवळत राहिलो. अजून राग गेलेला नाही माझा.

मग घाटात नेली, खाली आणि वर. चढाला घड्याळ मस्त. सपाटीला मस्त. घरासमोर आणून उभी केली, इंजिन चालू ठेवलं, आणि घड्याळाची सुई हळूहळू खाली. अगदी शून्य नाही. पण जवळ.

मामाला फोन. "बेअरिंग झिजलं असंल. न्हाईतर तेलाचा पंप. न्हाईतर काहीच न्हाई, जुनं इंजिन असंच करतं. उघडल्याशिवाय कोण सांगणार?"

"उद्या न्यायचीय."

"मग पळती ठेव. उभी करून घुर्र घुर्र करत बसू नको."

गाडी थांबली की सुई पडते, चालली की उभी राहते. मला आवडली ही गाडी.

स. ला सगळं खरं कळवलं. अर्धं सुधारलं, अर्धं माहीत नाही. तिचं उत्तर लगेच : "पावण्यांना मी नाहीच म्हणणार आहे. ते माझं मी ठरवलंय, तुझ्या पंपावर नाही. तू आलास तर ये. यायचं तर माझ्यासाठी ये, पैज म्हणून नको."

हे चारदा वाचलं. आनंद झाला आणि थोडी फजिती झाल्यासारखंही. म्हणजे मी तिला वाचवायला चाललो नाहीये. मग कशाला चाललोय?

जायचंय म्हणून. तिच्या दारात दिवसाउजेडी, माझं नाव सांगून, चहा मागायला.

१८ जानेवारी, रविवार

गाडीत बसून लिहितोय. किल्ली अजून फिरवलेली नाही. नुकतंच घरात जे झालं ते लिहितो आणि निघतो.

इस्त्रीचा शर्ट घातला तर आई म्हणाली, "कॉलरला ग्रीस हाय." दुसरा घातला. त्यालाही होतं. तसाच निघालो.

आप्पा उंबऱ्यात बसलेले. "भंगारवाला आज येतोय. मी शब्द दिलाय त्याला."

"मी बी दिलाय."

"कुणाला?"

"तुम्हाला म्हाईत हाय कुणाला. आन् तुमी माझ्या नंतर तुमचा शब्द दिला, ते बी हळद लपवून."

आई आतून, "ओम्या, सांभाळून बोल."

"सांभाळूनच बोलतोय. गाडी चालती झालीय आप्पा. तुमच्या हातानं मेली न्हाई. कुणाच्याच हातानं मेली न्हाई. भंगारवाल्याला सांगा, न्हाईतर मी सांगतो."

आप्पा उठले नाहीत. एक पाय मात्र आत घेतला. तेवढी जागा झाली.

"सुई खाली येते ना उभी राहिली की?"

म्हणजे बघितलं होतं काल. ओट्यावरून सगळं बघितलं होतं.

"येते."

"तात्याच्या दारात उभी करशील. लोकं भवती. बंद कर लगेच. आन् परत सुरूच झाली न्हाई तर?"

"तर ढकलत आणीन. नाष्टा तरी मिळंल."

आप्पा हसले का, ते मी बघायला थांबलो नाही. त्यांच्या दुसऱ्या पायावरून पलीकडं टांग टाकली, बाहेर आलो, आणि दार माझ्या हातानं लावून घेतलं.