काळ्या लँडमास्टरचं दार

॥ श्री ॥
कृष्णपुरा, इंदूर
२० सप्टेंबर १९८३

चि. हरीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं गणपतीतलं पत्र पावलं. आप्पा आणि मी, आम्ही दोघं खुशाल.

अरे, तुझं पिक्चर आलं की आमच्या टाकीजला! चौकात हे एवढं मोठं पोस्टर लागलंय. तीन चोर, पळवलेली काळी मोटर आणि मागे आग. हीरो तर असा ऐटीत उभा, जसं काही सगळी मोटर त्यानेच चालवली. शाळेत गंगूबाईंना मी सांगितलं, की चालवणारे हात आमच्या हरीचे आहेत. त्यांना काही पटेना. हीरोचे हात हीरोचेच असणार, म्हणाल्या. कसम से, स्टाफरूममध्ये भांडण व्हायचंच बाकी होतं.

तू दर पत्रात विचारतोस, घरी येऊ का. चार वर्षांपूर्वी आप्पांची गाडी न विचारता घेऊन तू मुंबईला गेलास, तेव्हापासून त्यांनी तुझं नाव उच्चारलेलं नाही. मग त्यांच्या वतीने ये म्हणून मी कोणत्या तोंडाने लिहू? पण काल ते त्या पोस्टरसमोर बराच वेळ उभे होते. घरी आले आणि रविवारची दोन तिकिटं काढ म्हणाले. जन्मात टाकीजची पायरी न चढलेले आपले राजवाड्याच्या मोटरखान्याचे जयसिंगराव! मी तर बघतच राहिले.

पोह्यांवर शेव घालताना हटकून तुझी आठवण येते, आणि मग मला खाववत नाही. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
प्रमोदिनीताई

मुंबई
२४ सप्टेंबर १९८३

ती. ताईस हरीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

ताई, तुझ्या पाया पडतो, आप्पांना त्या पिक्चरला नेऊ नकोस.

आजवर तुला सांगितलं नाही. त्यातली ती मोटर आपलीच लँडमास्टर आहे. मला ती विकावी लागली आणि एका पिक्चरवाल्याने ती घेतली. मी एकच अट घातली, की चालवणार मीच. पण शेवटच्या रिळात ती घाटातून खाली पडते आणि पेटते. खरोखर पडली गं. आठ जणांनी मिळून ढकलली आणि मी वर रस्त्यात उभा राहून बघितली. दसऱ्याला आप्पा पहिला हार तिला घालायचे, आपट्याचं पानही आधी तिलाच द्यायचे आणि मग आपल्याला. त्यांना हे बघवणार नाही. पडद्यावरही चोर आणि घरातही चोर, असा तुझा भाऊ आहे बघ.

नदीकाठच्या समाधीच्या छत्र्यांजवळ त्यांनी मला गियर टाकायला शिकवलं होतं. आधी क्लच, मग न्यूट्रल, परत क्लच. इथले लोक हसतात, असं आता कोण चालवतं हरीभाई, म्हणतात. मला दुसरं काही येतच नाही. गाडीत बसलो की ते शेजारी आहेत असं वाटतं, आणि उतरलो की कुणीच नसतं.

मला घरी यायचंय, ताई. त्यांनी तोंडात मारली तरी चालेल. तुझी माया राहू दे, सध्या तेवढीच शिल्लक आहे.

तुझा,
हरी

॥ श्री ॥
इंदूर
२८ सप्टेंबर १९८३

चि. हरीस ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र काल मंगळवारी आलं. आम्ही रविवारीच जाऊन आलो होतो.

आता नीट ऐक. गाडी पडद्यावर आली तशी आप्पांनी ओळखली आणि खुर्चीत पुढे सरकून बसले. मग वळणावर तू गियर उतरवलास. चेहरा दिसत नव्हता, फक्त खांदा. तो गियरआधी जरासा उचलला गेला आणि आप्पांनी माझा हात धरला. शेवटी मोटर कड्याकडे निघाली तसे ते ताडकन उठले आणि भर टाकीजमध्ये ओरडले, हरी, काच खाली कर, दार बाहेरून उघड! चार वर्षांनी तुझं नाव घेतलं रे, तेही पाचशे लोकांसमोर. मागचे हसले, बाबूजी बैठ जाओ म्हणू लागले. मला मात्र हुंदका आवरेना.

बाहेर आल्यावर मी त्यांना समजावलं, की गाडी रिकामीच ढकलतात. सिनेमा आहे ते मलाही कळतं, म्हणाले. पण तुझं शेवटचं पत्र कधी आलं ते त्यांनी तीनदा विचारलं. सोमवारी दिवसभर ओट्यावर पोस्टमनची वाट बघत बसले. काल पाकीट माझ्या हातात पडूच दिलं नाही. आधी शिक्क्यावरची तारीख बघितली, मग आतलं सगळं वाचलं. तुझी चोरीची कबुली, घाट, सगळं. त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे कोरा कागद मागितला.

तो कागद सोबत आहे. मी वाचलेला नाही.

ताई

चि. हरीस आप्पांचे आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय नाही. मोटरखान्यात फक्त सही करत असे.

गाडीचं तुझ्या बाजूचं दार आतून उघडत नव्हतं. मी खटका आणून ठेवला होता आणि रविवारी बसवणार होतो. तू शनिवारीच गाडी घेऊन गेलास. लोकांना वाटलं, जयसिंगराव गाडीसाठी झुरतो. ठाणेदार तक्रार लिहून घ्यायला आला, त्याला मी सांगितलं की मुलानेच कामाला नेली आहे. माझ्या डोळ्यांपुढून ते दार हलत नव्हतं. कुठे अडकलास तर निघशील कसा, हाच विचार. तुझं नाव घ्यायला गेलो की ते दारच आठवायचं, म्हणून घेत नव्हतो. ताईला वाटलं राग आहे.

गाडी दरीत गेली, बरं झालं. तू वर रस्त्यात उभा होतास हे वाचलं आणि काल दोन घास जास्त जेवलो.

दसरा सोळा तारखेला आहे, त्याआधी ये. राग नाही असं समजू नकोस, राग आहे. न विचारता गेलास तो गेलासच. पण पत्रातून मला रागावता येत नाही. समोर ये, बस, आणि मी रागावतो ते सगळं ऐकून घे. चार वर्षं एकट्याने रागावून मी दमलो आहे.

वाट पाहतो.
आप्पा