गल्लीत कोणीही नको

३ मे
ठरलं! शहराच्या पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरमध्ये माझा फोटो येणार. मागच्या खेपेला ऑक्टोबरचं पान माझ्या मेहुण्याने, त्या ओताकारने पटकावलं. फोटोत काय, तर कोबी विकणारी बाई! आता बघाच म्हणावं. चर्चमागची दगडी गल्ली, सकाळचं ऊन, आणि माणूस एकही नको. माणसांनीच आमच्या या ओलोमोउत्स शहराची वाट लावलीय.

४ मे, सकाळी
गल्लीत माणसं. उद्या लवकर उठणार.

५ मे
उशीर झाला. दोष घड्याळाचा. एक म्हातारी सारखी फ्रेममध्ये. दर खेपेला मला 'नमस्कार'. उत्तर दिलं नाही, तर आईने वळण लावलं नाही का, म्हणाली. मला! साठी उलटलेल्याला! तिला म्हटलं, घरी बसा. ती म्हणाली, घरीच चाललेय, बाजूला हो. तिचं दार माझ्या ट्रायपॉडच्या मागे होतं. असल्या जागी घर घ्यावंच कशाला?

८ मे
सुट्टी. आज अख्खं शहर आपापल्या कॉटेजवर पळतं, म्हणजे गल्ली माझी. काय डोकं आहे माझं! बायको, व्लास्ता, बटाटे लावायला चल म्हणून मागे लागली. सांगितलं, आधी कला. मग हिवाळ्यात कलाच उकडून खा, म्हणाली आणि गेली.

८ मे, दुपारी
आपले गेले, बाहेरचे आले. बसच्या बस. प्रत्येकाच्या हातात आइस्क्रीम. एकाने मोबाइल माझ्या हातात कोंबला, बायकोबरोबर फोटो काढा म्हणे. काढला. मुद्दाम दोघांची डोकी कापली.

११ मे
चीजवाल्याची व्हॅन, बरोबर मधोमध. हटव म्हटलं, तर म्हणाला, मी कामावर आहे, तुम्ही इथे काय करताय? बेअक्कल! वर त्या चीजचा वास. कडेला बसून राहिलो. या शहराला माझी किंमतच नाही.

१४ मे
मिळाला! गल्लीत चिटपाखरू नाही. पाठवूनही दिला. ओताकार, बस आता रडत.

२० जून
नकार. परीक्षक बाई फोनवर म्हणाल्या, फोटो स्वच्छ आहे, पण गल्लीत साथ येऊन गेल्यासारखं वाटतं. कसल्या कसल्या लोकांना परीक्षक करतात!

१५ ऑक्टोबर
कॅलेंडर आलं. नोव्हेंबरच्या पानावर पुन्हा ओताकारनेच काढलेला फोटो. मेलेल्यांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायच्या महिन्यात माझी गल्ली, आणि कडेला एकटाच बसलेला मी. मला विचारलं कोणी? फोकस गंडलाय. नाक भलतंच मोठं आलंय.

व्लास्ताने तेच पान उघडून स्वयंपाकघरात टांगलंय. म्हटलं, नवं वर्ष तरी लागू दे. म्हणाली, वर्षभर हेच पान राहणार, यात तू गप्प आहेस.