जिन्याच्या वळणावर

४ नोव्हेंबर, मंगळवार
डिबगरचं टेस्टिंग आजपासून माझ्या गळ्यात. चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवायचा, आत डोकवायचं, पुन्हा सोडायचा. त्या थांब्याला ब्रेकपॉइंट म्हणायचं. एकाच ओळीवर दोन ठेवले तर काय होतं, ते बघायचंय. दोन दिवसांत उरकेन.

दुपारी ऑफिसात खालच्या शर्मा आंटींचा फोन. "बेटा, अंकल फिर वहीं खड़े हैं." ऑफिस पडाव भागात, घर लष्कर पेठेत; टेंपोने मी घरी पोचले, तरी बाबा जिन्याच्या वळणावरच. हातात दुधाची पिशवी. "बाबा, चला" म्हटलं. लगेच चढले.

५ नोव्हें.
दादाचा फोन, पुण्याहून. "इथे लिफ्ट आहे. आणून सोड त्यांना." विचार करून सांगते म्हटलं. मला नाही पाठवायचं. आई गेल्यापासून घरात आवाज तो त्यांचाच. पण घरी कुणी नसताना जिन्यात तोल गेला तर...

आईला दम लागायचा, ती वळणावर थांबायची. मागे बाबाही थांबायचे. मग ती म्हणायची, "चला." वर्षानुवर्षं हेच.

७ नोव्हें.
अडकले. दोन थांबे ठेवले. पहिला काढला, मग दुसरा काढला. यादी रिकामी. प्रोग्राम तरी तिथेच थांबतो. टीम लीड शैलेश खुर्ची ओढून बसला. "लिस्ट खाली है, तो रोक कौन रहा है?" तो हसला. मला हसू येईना. भीती वाटली, खरंच.

१० नोव्हें.
सापडलं. थांबा ठेवताना डिबगर तिथली मूळ सूचना उचलून जपून ठेवतो, तिच्या जागी आपली खूण. दुसऱ्याने मूळ म्हणून जपली ती पहिल्याचीच खूण. निघताना इमानेइतबारे तीच परत ठेवून गेला. नंतरचा आधी काढला, तर काही मागे उरत नाही.

शैलेश खूश. मला डबा गेला नाही. आमच्याकडे पहिला थांबा आईचा, आणि गेलीही तीच आधी.

१३ नोव्हें.
जेवताना विचारलंच. "बाबा, वळणावर का थांबता?"
"पुढे कुणीतरी असतं ना. ओलांडून कसं जायचं?"
आणि वरण मागितलं.

१६ नोव्हें., रविवार
सकाळी बाबांबरोबर बाड्यावरच्या बाजारात. बेढई घेतली, डाळ भरलेली पुरी, गरम. येताना बाबा वळणावर थांबले. मी मागे. आज मुद्दाम "चला" म्हटलं नाही. बघू, आपले आपण निघतात का.

बराच वेळ गेला. मग निघाले.

"बाबा, कसे निघालात?"
"'चला' म्हणाली ना."

ते दारापाशी पोचले. माझा पाय उचलेना. पुड्याचा चटका बसत होता, तरी उभीच. शेवटी बाबा वरून म्हणाले, "चला." एरवी मला चल म्हणतात.

दादाचा मेसेज आलाय, तिकीट काढू का म्हणून. अजून उत्तर दिलेलं नाही. बाबा पुण्याला गेले, तर मला त्या वळणावरून कोण सोडवणार?