लायसनवरची बाई

२१ जानेवारी, मंगळवार

तिकीट माझंच असतं म्हणे! दरवर्षी!

अकरा वाजता तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. अनोळखी नंबर. "साधना मॅडमच्या घरून कोण बोलतंय?" म्हटलं, मीच साधना. मग तो पोरगा – नयन नाव, बियाण्याच्या कंपनीचा नवा साहेब – इतका हळू बोलायला लागला की मलाच फोन कानाला दाबून धरावा लागला. "मॅडम, तुम्ही स्वतः? कशा आहात? अरे वा! मग यंदा बँकॉकला तुम्हीच या ना. लायसन तुमच्या नावाचं, तिकीटही तुमच्याच नावाचं असतं."

खरंच आहे. दारव्ह्यातलं आमचं कृषी केंद्र कागदावर माझं. औषधं विकायला शेतकीची डिग्री लागते असा नियम आला, तेव्हा यांचं बी.ए. दुसऱ्या वर्षातच अडकलेलं आणि माझी अकोल्याची बी.एस्सी. अ‍ॅग्री पेटीत पडलेली. तेव्हापासून भिंतीवर माझ्या फोटोचं लायसन आणि काउंटरवर हे. मधूनमधून कागद घेऊन स्वयंपाकघरात येतात – "इथं सही कर" – मी ओल्या हातानं करून देते. टार्गेट झालं की कंपनी डीलर लोकांना बँकॉकला नेते. हे चारदा जाऊन आले. मला सांगितलं होतं, टूर फक्त माणसांची असते, बायांची नाही.

रात्री जेवताना यांना सांगितलं. घास हातातच राहिला. "तू काय करशीन तिथं? मासोयीच्या वासानंच वकशीन!"

वकीन तर वकीन. पासपोर्ट आहे माझ्याकडे. भावानं मस्कतला बोलावलं होतं तेव्हा काढलेला. अजून कोरा आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

यांची रोज नवी कारणं. विमानात कान फुटतात. तिकडे भाजी मिळत नाही. सलोनीची परीक्षा आहे. (पोरगी पुण्याला, परीक्षा तिची. मी घरी बसून काय तिचे पेपर लिहिणार आहे?) आज नवीनच – म्हणे गुरुवारी जाऊ नये. टूर रविवारी आहे!

एवढा विरोध कशाला? लिहूनच टाकते. बाई आहे. नक्की बाई आहे तिथं.

दरवर्षी येताना हिरवा बाम आणतात, हत्तीचे टी-शर्ट आणतात, आणि पुढचे चार दिवस माझ्याशी जरा जास्तच गोड. फोटो मागितले की "ग्रुपवर हाय, काढून देतो". अजून काढतच आहेत. बावीस वर्षांचा संसार आहे माझा. त्यात खोट असेल तर ती मला माझ्या डोळ्यांनी पाहायची आहे. मग राहायचं की नाही ते ठरवीन.

८ फेब्रुवारी, शनिवार

बॅग भरली. तिकीट एकच, माझ्या नावाचं; हे घरीच राहणार. दशम्या, जवसाची चटणी, चिवडा.

हे मागच्या अंगणात फोनवर होते. मी नळ बंद करून कान दिला. "अतुल, लक्ष ठेवजो बरं तिच्यावर. अन् थो विषय कोनीच काढू नका."

कोणता विषय? कोणाचा?

१० फेब्रुवारी, सोमवार. बँकॉक

पोचले. पासपोर्टावर शिक्का बसला. कान फुटले नाहीत.

माझ्यासोबत बाभुळगावचे अतुलभाऊ आणि त्यांची बायको दीपा, पांढरकवड्याचे भीमराजभाऊ आणि हा नयन. नयन सोडला तर सगळे यांचे जुने सोबती. सगळे माझ्याकडे बघतात, मी बघितलं की छताकडे बघतात. चोराच्या मनात चांदणं!

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी सहा

काल हॉटेलवर आल्यावर पेन धरवत नव्हता. आता लिहिते.

सकाळी देवळं पाहिली. सोन्याचा मुलामा, भिंतींवर काचेचे तुकडे, ऊन पडलं की डोळे दिपतात. मग तो आडवा बुद्ध. पायाशी उभं राहिलं तर चेहरा दिसत नाही इतका लांब! नयननं फक्त वीस मिनिटं दिली. सगळे फोटोच्या मागे. भीमराजभाऊ तेवढे एका खांबाशी डोळे मिटून बसले होते, त्यांना हाका मारून उठवलं. मला ते बरं वाटलं नाही. त्यांच्यासाठी ते फिरायचं ठिकाण नव्हतं.

मग मॉल. सरकत्या जिन्यावर दीपानं माझा हात असा पकडला की बांगडी रुतली. "मले येते व चढता," म्हटलं. सोडला नाही. बाथरूमला गेले तर दाराबाहेर उभी! यांनी पहारा ठेवला आहे. म्हणजे मी कुठे जाऊ नये, कोणाला भेटू नये, अशी काही तरी जागा आहे इथं.

दुपारी खाण्याची गल्ली. चिकट भात, वर नारळाचं दूध आणि पिकलेला आंबा – फेब्रुवारीत! दोन ताटल्या खाल्ल्या, वकले नाही. एका गाडीवर तळलेले टोळ. अतुलभाऊंनी एक तोंडात टाकला. म्हणाले, "आपल्याकडं याच्यावर फवारा इकतो मी, अन् हे लोक मीठ लावून खाते!" खूप हसलो सगळे. तेवढ्यापुरती मी विसरले की मी कशाला आले आहे.

दीपा मात्र पपईच्या फोडी खात बसली. मंगळवारचा उपास म्हणे.

"कोनासाठी करतं व?"

"हाय एका माणसासाठी. सहा वर्षं झाले." आणि मान खाली घातली.

आता ही का मान खाली घालते?

मग पाय दाबायच्या दुकानात नेलं. मी आत शिरल्या शिरल्या सगळ्या बाया नीट पाहून घेतल्या. यातली कोणती? माझ्या वाट्याला आलेली बाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिनं पाय असे रगडले की डोळ्यांत पाणी आलं. मी फोनमधला यांचा फोटो काढून तिला दाखवला. तिनं बघितला, हसली, आणि माझा दुसरा पाय ओढला.

संध्याकाळी नदीवरची मोठी बोट. दिव्यांच्या माळा, गाणी, जेवण. बसायला गेले तर अतुलभाऊ एका बाजूला, दीपा दुसऱ्या बाजूला. माझ्या ताटाजवळची सुरी दीपानं उचलून स्वतःकडे ठेवली आणि अननस मला कापून दिला. मी काय दोन वर्षांची आहे? काठावरचं देऊळ उजळलं होतं ते पाहायला कठड्याशी गेले, तर मागून अतुलभाऊंनी कोपर धरलं! घट्ट!

"अतुलभाऊ, हात सोडा," मी म्हटलं. आवाज चढलाच माझा. सोडला, पण तिथून हलले नाहीत. विचारलं, "हे इथं आल्यावर कुठं जायचे जी?" तर म्हणे, "घनश्यामभाऊ? कुठीच नाई. बोटीवर तेवढे याचे." माझ्या डोळ्याला डोळा देईनात.

मग हिंदी गाणी लागली. गुजरातकडच्या बाया उठल्या, मीही उठले. कोणाला घाबरायचं आहे मला इथं? पदर खोचला आणि नाचले. लग्नातसुद्धा इतकी नाचले नव्हते! वळून पाहते तर दीपा रडते आहे.

"काय झालं व?"

"काई नाई वहिनी. डोयात काहीतरी गेलं."

दोन्ही डोळ्यांत?

यांचे दिवसभरात नऊ फोन. मी उचलले नाहीत, तर दीपाच्या फोनवर.

तीच तर नाही? दीपा? रात्रभर हाच किडा डोक्यात.

१२ फेब्रुवारी, दुपार

सगळं लिहायचं आहे, एक शब्द न गाळता.

आज माघ पौर्णिमा. इकडेही मोठा सण, दारू विकायला बंदी. अतुलभाऊ सुतकात असल्यासारखे खोलीत पडले होते. भीमराजभाऊ मात्र सातलाच निघाले, पुन्हा विहारात. काल त्यांचं पोट भरलं नव्हतं. मी म्हटलं, मी येते. ते अडखळले. "अतुलले सांगून देऊ का?"

"कायले? मी काय कुक्कुलं बाळ हाय?"

विहारात ही गर्दी. हातात कमळ, उदबत्ती, मेणबत्ती. भीमराजभाऊ जमिनीवर बसले, हळू आवाजात पंचशील म्हटलं. मला पाली कळत नाही, पण त्यांचा आवाज ऐकून मीही गप्प बसले. ते उठले तसं मी तिथंच पायरीवर त्यांना गाठलं.

"भीमराजभाऊ, खरं सांगा. इथं यांची बाई कोन हाय?"

"बाई? घनश्यामभाऊची? वहिनी, थो मानूस दशम्या खाते अन् आठ वाजता झोपते."

"मंग थो विषय कोनता? जो काढायचा नाई?"

त्यांनी विहाराकडे वळून हात जोडले. मग म्हणाले, "दुसरीकडं विचारलं असतं तं टाळलं असतं मी. आत्ताच शील घेतलं जी. खोटं नाई बोलत म्हून. आता कसा टाळू?"

आणि सांगितलं. मी वेडी आहे.

सहा वर्षांपासून. मला झटके येतात. घराबाहेर काढता येत नाही. सुरी-विळी लपवून ठेवावी लागते, पाण्याजवळ नेता येत नाही. यांनी कंपनीला डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिलं आहे, दरवर्षी नवी तारीख टाकून. म्हणून माझ्या तिकिटावर हे. यंदा "जरा बरी आहे, पण आजाराचं नाव काढू नका, आठवलं की झटका येतो" असं सगळ्यांना बजावून ठेवलं. आणि दरवर्षी बोटीवर दोन ग्लास झाले की माझं नाव घेऊन रडतात! सगळे म्हणतात देवमाणूस आहे, अशी बायको, तरी टाकली नाही.

मी पायरीवर बसले.

ते सर्टिफिकेट मला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी आई गेली. महिनाभर डोळ्याला डोळा लागत नव्हता, रडू थांबत नव्हतं. हेच मला यवतमाळला डॉक्टरांकडे घेऊन गेले. येताना बसमध्ये माझं डोकं खांद्यावर घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुःख आहे, ओसरेल, पंधरा दिवस गोळ्या घ्या. ओसरलंही. निघताना यांनी डॉक्टरांकडून एक कागद लिहून घेतला होता. मला वाटलं, केवढी काळजी करतो हा माणूस!

बाई असती तर बरं झालं असतं. मी भांडले असते, तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. माझ्या आईच्या मरणावर चारदा बँकॉक पाहून आला हा. याचं काय करू?

भीमराजभाऊ माझ्यापासून दोन पायऱ्या सोडून बसले होते. म्हणाले, "आमचंबी चुकलं जी. सहा वर्षांत एकदाबी घरी येऊन पाह्यलं नाई. दारव्हा काय लय दूर हाय?"

१३ फेब्रुवारी, गुरुवार. विमानात

दीपाला सांगितलं. मला कधीच काही झालं नव्हतं.

तिचे मंगळवार माझ्यासाठी होते. सहा वर्षं! केळापूरच्या जगदंबेला बोलली होती – घनश्यामभाऊची बायको बरी झाली की खणा-नारळानं ओटी भरीन. मला एकदाही न पाहता. आणि मी काल तिच्यावर संशय घेतला.

आधी ती रडली. मग चिडली, इतकी की हवाईसुंदरी पाणी घेऊन आली. "म्हंजे माहे तीनशे मंगयवार फुकट?"

म्हटलं, फुकट काहून? ओटी भर, मी येते सोबत. दोघी हसलो आणि मग दोघीही रडलो. अतुलभाऊ झोपल्याचं सोंग करून होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल हे नागपूरला घ्यायला आले होते. संत्री घेऊन. गाडीत तीनदा विचारलं, "कोनी काही म्हटलं का?"

मी म्हटलं, "म्हटलं ना. तुमी देवमानूस हा म्हून."

चेहरा काय फुलला! बुटीबोरी येईस्तोवर गाणं गुणगुणत होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सहा दिवस तोंड शिवून काढले. वाट पाहत होते, आपणहून सांगतील म्हणून. नाही सांगितलं.

आज पोळ्या लाटत होते. हे कागद घेऊन आले. "लायसनच्या नूतनीकरनाचं हाय. इथं सही कर."

गॅस बंद केला. हात धुतले, पुसले, चष्मा लावला. पहिल्यांदा सगळा कागद वाचला. मग विचारलं, "याले डॉक्टरचं सर्टिफिकेट काहून नाई जोडलं?"

हे भिंतीला टेकले.

"वेड्या बाईची सही सरकारले चालते का? आधी विचारून या."

"थे फक्त टूरसाठी होतं व... तुले काय फरक पडला त्याच्यानं?"

काय फरक पडला! आईचं नाव घेतलं मी तेव्हा. पुढचं लिहीत नाही. गल्लीनं ऐकलं आहे ते. किल्ल्या खुंटीवरून काढून माझ्या कमरेला खोचल्या. सही मी करीन, दुकानात बसून करीन.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हे सकाळपासून तोंडावर चादर घेऊन पडून आहेत. दुकान मी उघडलं. माझ्याच फोटोखाली बसले. पहिलं गिऱ्हाईक सदाशिवराव. हरभऱ्यावरच्या अळीचं औषध दिलं, प्रमाण समजावून सांगितलं. जाताना विचारलं त्यांनी, "आज घनश्याम नाई दिसून राह्यला?"

म्हटलं, "तब्येत बरी नाई जी त्याची. डोक्याचं हाय. कोनाले सांगू नका."