उंचीप्रमाणे चार खांदे

मी, हवालदार (फौजेतून निवृत्त) रामभाऊ नागू ओव्हाळ, वय ६६, धर्म बौद्ध, राहणार मौजे कोळसवणे, तालुका खालापूर, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि शुद्धीत लिहून ठेवतो. माझी स्मरणशक्ती शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. खाली ज्यांची नावे येतील त्यांतल्या काहींना ती जरा जास्तच शाबूत वाटेल. त्याला माझा इलाज नाही.

१. राहते घर माझी पत्नी पुतळाबाई हिचे. नेरळला मुलाकडे चल, असा आग्रह तिला कोणी करू नये. तिला लिफ्टची भीती वाटते. ती हे कबूल करणार नाही, म्हणून मी लिहून ठेवतो. पेन्शन तिला सरकार देईल.

२. तिच्यामागे घर मुलगा मिलिंद याचे. नेरळच्या फ्लॅटच्या दारावर त्याने 'मिलिंद आर.' एवढेच लिहिले आहे. विचारले तर म्हणाला, "बाबा, तिथे आडनाव कोणी विचारत नाही." मग लिहायला काय हरकत होती? माझी पितळी पाटी मी त्याला देत आहे. तिच्यावर आडनाव आहे. ती त्याच दारावर लावावी. स्क्रू काळ्या ट्रंकेत आहेत.

३. लोधिवलीच्या वाटेवरची चौदा गुंठे जमीन मुलगी जागृती हिची. ती पोलिसात आहे आणि त्याच जमिनीवर पळण्याचा सराव करून भरती झाली. निवृत्त झाल्यापासून मी तिथे मुलामुलींची भरतीची तयारी करून घेतो. पहिल्या दिवशी फौजेच्या रिवाजाप्रमाणे उंची मोजतो आणि उंचीप्रमाणे रांग लावतो. उंच उजवीकडे, बुटके डावीकडे. एकदा एक बाई विचारायला आल्या, "आमच्या पोराला बौद्धवाडीतल्या पोराशेजारी का उभा केलाव?" मी सांगितले, "दोघंबी पाच फूट पाच हायत." त्यांनी दोघांची डोकी नजरेने मापली आणि त्या घरी गेल्या. जागृतीने मैदान सगळ्यांना खुले ठेवावे. वेगळी रांग मागणाऱ्याला घरी पाठवावे.

उंचीच्या वह्या, एकूण सहा, याही तिच्याच. त्यांत जवळजवळ सगळे गाव आहे.

४. फौजेत सगळे समान असतात, असे माझे म्हणणे नाही. साहेबांची मेस वेगळी, आमचा लंगर वेगळा, आणि भरतीच्या फॉर्मवर जात मलाही लिहावी लागली. पण त्यानंतर बावीस वर्षे लंगरात माझी जागा कोणी वेगळी काढली नाही. हे फार मोठे आहे की फार छोटे, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

५. माझा मित्र नाईक (निवृत्त) पोपट धोंडू शेळके, याच गावचा, माझ्यासोबत एकाच दिवशी भरती झाला. तो उंच असल्यामुळे रांगेत आमच्यामध्ये अकरा माणसे असत. १९८६ साली बर्फातल्या चौकीवर माझे पाय गोठले. पोपटने शर्टाची बटणे काढली आणि माझे दोन्ही पाय स्वतःच्या उघड्या पोटावर घेऊन तो पाच तास बसला. दोनच बोटे गेली, बाकी आठ त्याची कृपा.

त्याच वर्षी आम्ही सुट्टीवर सोबत आलो. हनुमान जयंतीचा भंडारा होता. मी त्याच्याशेजारी पानावर बसलो, तर वाढणारा म्हणाला, "रामा, तुमची पंगत शेवटची रं." मी उठलो. पोपट पानातल्या भाताकडे बघत राहिला. तो एक शब्द बोलला असता तर मी त्या आठ बोटांइतकाच त्याचा ऋणी झालो असतो. या गोष्टीला एकोणचाळीस वर्षे झाली. आम्ही रोज सोबत चहा पितो. हा विषय दोघांनीही काढलेला नाही.

मी गेल्यावर माझ्या जलदानविधीच्या जेवणाची पंगत उंचीप्रमाणे बसवावी. वही बघावी.

६. माझे वडील जुलै महिन्यात वारले. गावाच्या स्मशानात पत्र्याची शेड आहे, पण "शेड गावाची हाय" असे आम्हाला सांगण्यात आले. आम्ही कुठले, हे विचारायचे राहून गेले. वडिलांना नदीच्या उघड्या खडकावर ठेवले. पावसात चिता दोनदा विझली, तीनदा पेटवली. शेड तिथून साठ पावलांवर रिकामी उभी होती. मी मोजली आहेत. त्या दिवशीचा राग माझ्यात अजून आहे आणि तो मी कोणाच्याही नावे करत नाही.

मला शेडमध्येच जाळावे. वडाजवळ वाट फुटते. उजवीकडे शेड, डावीकडे खडक. कोणी अडवल्यास मला वडाखाली ठेवावे. मी थांबेन. निम्मी नोकरी थांबण्यातच गेली आहे.

७. खांदेकरी एका उंचीचे असावेत, नाहीतर तिरडी कलते. वहीप्रमाणे पाच फूट सात इंचाचे चौघे: पुढे मिलिंद आणि संतोष शेळके (पोपटचा मुलगा), मागे जागृती आणि ठाकूरवाडीचा गजा (आमच्या मैदानावरचा). पुढचे दोघे वळतील तिकडे तिरडी जाते, म्हणून संतोषला मुद्दाम पुढे घेतले आहे. पोपट पाच फूट नऊ असल्यामुळे बसत नाही.

पोपटला या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकील म्हणतात.

दुरुस्ती (सह्यांपूर्वी, दोन्ही साक्षीदारांसमोर): साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, पण पोपटने चष्मा लावून सगळा वाचला. पाचवे कलम त्याने दोनदा वाचले. मग म्हणाला, "रामा, माझी उंची कधीची हाय ही?"

"भरतीची."

"आता तेवढा नाय ऱ्हायलो रं. परत मोज."

त्याने चपला काढल्या आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून सावधान उभा राहिला. मी टेप लावला. पाच फूट सात.

"संत्याला काढ," तो म्हणाला. "म्होरं मी."

सबब कलम सातमध्ये संतोषचे नाव खोडून पोपटचे घातले आहे. संतोष राखीव. पोपटने माझ्याआधी मरू नये, हा सीनियरचा हुकूम आहे. कुठे वळायचे ते त्याला सांगण्याची गरज नाही.

लिहून देणार: रामभाऊ नागू ओव्हाळ (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. पोपट धोंडू शेळके, उंची पाच फूट सात (सही)
२. डॉ. सोनाली पाटील, राहणार मौजे चौक (सही)

मुक्काम कोळसवणे, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५