चौथं सिम

संत तुकाराम नगर, पिंपरी
रविवार

प्रिय सोपान,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच फेकशील, म्हणून वरचा पत्ता अपेक्षाकडून लिहून घेतलाय. माझ्या पोरीवर तरी तुझा राग नाही. आता उघडलंच आहेस तर वाच. चौदा महिने झाले, तू बोलत नाहीस. फोन केला तर कापतोस. दारात आलो तर वहिनी चहा देतात आणि तू पाण्याची टाकी बघायला गच्चीवर जातोस. एवढं काय रे असतं त्या टाकीत? पत्र मात्र कापता येत नाही. पाकीट जरा जाड लागलं असेल. त्यात काय आहे ते शेवटी सांगतो, आधीच चाचपू नकोस.

तुझा राग कशाचा ते मला ठाऊक आहे. तुझ्या छातीत कळ आली, तुला पिंपरीत आणलं, हॉस्पिटल माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. वहिनींनी मला अकरा फोन केले आणि मी उगवलो चौथ्या दिवशी, केळी घेऊन. नेटवर्क नव्हतं, असं मी म्हणालो. तू खिडकीकडे बघितलंस. खिडकीतून आमच्या शेजारच्या इमारतीवरचा टॉवर दिसत होता. मग एवढंच म्हणालास, "खोटं बोललेलं मला चालायचं न्हाई." मी म्हटलं, दिव्याखाली अंधार असतो, तसं टॉवरखालीही असेल. त्यावर तू भिंतीकडे तोंड केलंस ते केलंसच.

असो. बातमी अशी की आमच्याकडे नवीन मोबाइल प्लॅन घ्यायचं ठरलं. म्हणजे अपेक्षाने ठरवलं. चाकणच्या कंपनीत लागल्यापासून घरातले ठराव तीच मांडते आणि तीच पास करते. मी म्हटलं, घेऊ, पण तपासून. एकतीस वर्षं क्वालिटीत काढली, केसाएवढा फरक दिसला तरी ट्रॉली माघारी धाडली. मी काय दुकानदाराच्या गोड बोलण्यावर सिम घेणार? तीन कंपन्यांची तीन सिमं तीन जुन्या फोनांत घातली, नमुना एक, दोन, तीन असे आकडे टाकले आणि घरभर रेंज मोजत सुटलो. रिटायर झालो तेव्हा स्टोअरमधून चिठ्ठ्यांचे गठ्ठे आणले होते ना, ज्यावर तू म्हणाला होतास, "लोणचं घालणार का त्यांचं?" ते कामी आले. रेंज चांगली तिथे हिरवी ओके, बरी तिथे पिवळी रिवर्क, फोन मेला की लाल रिजेक्ट. भिंती, कपाटं, फ्रिज, सगळीकडे.

आता यात एक चूक झाली. नमुना दोन स्वयंपाकघरात मेला, म्हणून मी ओट्यावर लाल चिठ्ठी डकवली आणि काढायची विसरलो. त्याच दुपारी कुसुमच्या भिशीच्या बायका आल्या. उपम्याच्या पातेल्यामागे हे भलंमोठं रिजेक्ट! एकीने म्हणे बशी तशीच खाली ठेवली. कुसुम मला एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाहेर पडताना उलट माझी कॉलर नीट केली, पाठीवर दोनदा हात फिरवला. लग्नाला छत्तीस वर्षं झालीत राव, मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

खर्चाचं म्हणशील तर ती वेगळीच कथा. हे लोक महिना अठ्ठावीस दिवसांचा धरतात. आपण पगार तीस-एकतीस दिवस राबून घेतला, आणि यांच्या वर्षात तेरा महिने! तेरावा महिना कुठल्या पंचांगातला? माझं यावरचं मत तुला माहीत आहे, कॅन्टीनमध्ये तू ते शंभर वेळा ऐकलंयस आणि शंभर वेळा म्हणालायस, "उद्धव, वरण गार होतंय." अपेक्षा म्हणाली, मग पोस्टपेड घ्या, बिल महिन्याला, आणि भांडण बंद. एका बिलात घरातली चार सिमं. आम्ही तिघं. पण तीन घेतली काय आणि चार घेतली काय, पैसे जवळपास तेवढेच. चौथी जागा फुकट जाणार, हे काही मला बघवेना.

माझ्या तक्त्यात तळेगावचाही एक रकाना होता. परवा स्कूटर काढली आणि थेट तुझ्या गल्लीत आलो. तुझ्या घरासमोर तीन फोन हातात धरून अर्धा तास उभा होतो. तू गच्चीवर होतास, टाकीपाशी, पण खाली बघितलं नाहीस. बादली उचलत होतास, सोपान. डॉक्टरांनी वजन उचलू नको सांगितलंय ना? तिथून ओरडणार होतो, पण तेवढ्यात तुझे शेजारी आले आणि कोण पाहिजे म्हणून दरडावायला लागले. मी गडबडून सांगितलं, टॉवरचं काम आहे. त्यांनी माझ्या पाठीकडे बघितलं आणि एकदम नरमले. मग पंधरा मिनिटं मला गल्लीतल्या नेटवर्कच्या तक्रारी सांगितल्या आणि लिहून घ्यायला लावल्या. माणूस इतका कसा विश्वास ठेवतो, मला कळेना.

कळलं ते पिंपरीच्या दुकानात. तिथे मोनिका नावाची चटपटीत मुलगी आहे. तिने चौथ्या सिमचं नाव विचारलं, मी तुझं सांगितलं. नातं विचारलं. मी म्हटलं, भाऊ. ती म्हणाली, आडनाव वेगळं आहे. मी सांगितलं, पोरी, एकतीस वर्षं एका डब्यातून जेवलोय, आडनाव कशाला बघतेस? तिने मुकाट्याने भाऊ लिहिलं. मग हळूच म्हणाली, काका, तुमच्या पाठीवर पिवळं काहीतरी चिकटलंय. रिवर्क! पिंपरी ते तळेगाव आणि परत, सगळा हायवे मी ते मिरवलं होतं.

आता तपासणीचा निकाल ऐक, त्यासाठीच हे पत्र. नमुना एक म्हणजे माझंच जुनं सिम. त्याला कुठेतरी एखादी लाल चिठ्ठी लागावी म्हणून मी महिनाभर मरमर केली. पलंगाखाली झोपून बघितलं, बाथरूमचं दार लावून बघितलं. सगळीकडे हिरवी. नेटवर्क होतं, सोपान. त्या दिवशीही होतं. मी रिचार्जच केला नव्हता. अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याविरुद्ध माझा एकट्याचा संप चालू होता, कुसुम माहेरी होती, अपेक्षा ट्रेनिंगला चेन्नईला, कोण बोलणार मला? वहिनींना फोनमधली बाई अकरा वेळा हिंदीत सांगत होती की या नंबरवर इनकमिंग बंद आहे. त्या बिचाऱ्या रडत होत्या, त्यांना काय कळणार. ती बाई खरं बोलली, मी खोटं बोललो. तू आत मरणाशी झगडत होतास आणि मी घरात बसून तत्त्व सांभाळत होतो, हे तुला कुठल्या तोंडाने सांगायचं ते सुचेना. लाज वाटली रे. अजून वाटते. पाकिटात सिम आहे, ते तुझ्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घाल, तुझ्या घरासमोर त्याची रेंज हिरवी आहे. सोबत पिवळी चिठ्ठी आहे, माझ्या पाठीवरची, तीच. रिवर्कचं, म्हणजे दुरुस्तीचं, टेबल तुझं होतं. मी पिवळी लावून पाठवलेला एकही नग तू कधी भंगारात टाकला नाहीस. गुरुवारपासून रोज सकाळी सातला, आपल्या चहाच्या वेळेला, मी फोन करणार आहे. उचल. आणि बादली खाली ठेव.

तुझाच,
उद्धव

ता. क. बिल भरलंय.